मालवणचं ताट पाऊस वाढतो

डिसेंबरात तारकर्लीला जाऊन आलेला माणूस आणि जुलैत जाऊन आलेला माणूस गप्पा मारायला बसले, तर दोघं एकाच गावाबद्दल बोलतायत हे तिसऱ्याला पटणार नाही. पहिला सांगतो, पाणी इतकं निवळ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसतात. पुळण रुंद, वाळू पांढरी, समुद्र गरीब. जेवायला बांगड्याचं तिखलं, सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचं सुकं. दुसरा सांगतो, पाणी चहासारख्या रंगाचं, लाटा थेट सुरूच्या बनाच्या मुळाशी, पुळण अर्धीअधिक गायब. ताटात सुक्या बांगड्याची चटणी आणि खाडीतले चार मासे.

दोघंही खरं बोलतायत. पण यात एक कोडं आहे. त्याचा पहिला भाग असा, की इतकी वाळू जाते कुठे आणि परत येते कशी. दुसरा भाग ताटाचा. ज्या महिन्यांत समुद्र खवळलेला, गढूळ आणि बंद असतो, त्याच महिन्यांत पुढच्या आठ महिन्यांच्या मासळीची तयारी होते, ती कशी? उत्तर शोधायला मी किनाऱ्यावरून सुरुवात करणार नाही. मालवणहून कुडाळच्या वाटेला लागून चौके ओलांडलं की धामापूर येतं. तिथून समुद्र दिसत नाही. पण मालवणचा किनारा आणि मालवणी जेवण समजून घ्यायचं असेल तर पहिला मुक्काम इथेच करावा, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

सड्यावरचा पाऊस आणि तळं

सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. कारण पायाखालच्या दगडात आहे. इथली घरं ज्या तांबड्या चिऱ्यांची, तो जांभा दगड भोकाभोकांचा असतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, पडलेलं पाणी त्यातून सरसर खाली उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थराला लागलं की आडवं सरकतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. हे झरे पावसाळा संपल्यावरही काही महिने वाहतात. मग आटतात. पाणी भरपूर आणि मुक्काम थोडा, ही कोकणाची जुनी अडचण आहे.

धामापूरकरांनी ती सोडवली १५३० साली. विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांमधली खिंड मातीचा बांध घालून अडवली आणि तळं तयार झालं. जागेची निवड पाहण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले उतार असल्याने पाण्याबरोबर माती कमी येते आणि तळं लवकर भरत नाही. बांधातून आणि तळातून हळूहळू झिरपणारं पाणी खालच्या अंगाच्या विहिरी जिवंत ठेवतं, पोफळी-माडांच्या बागा भिजवतं. काठावर भगवती देवीचं मंदिर आहे. लग्नकार्यासाठी देवीपुढे मागणं केलं की तळ्यातून दागिने वर येत, आणि एकाने ते परत केले नाहीत तेव्हापासून ते बंद झालं, ही कथा गावात अजून सांगतात. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. तो मिळवणारं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. पाचशे वर्षांपूर्वीचं काम आजही ज्यासाठी केलं त्यासाठीच वापरात आहे, याचं मला किल्ल्यांइतकंच कौतुक वाटतं.

तळ्यात अडला तो पाऊस थोडा. बाकीचा ओहोळांतून कर्ली नदीत जातो आणि नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. जाताना ती रिकाम्या हाताने जात नाही. तिच्याबरोबर वाळू जाते, गाळ जातो आणि मासळीचं खाद्य वाढवणारी खतंही जातात.

अलिबागला काळी, तारकर्लीला पांढरी

मुंबईजवळच्या किनाऱ्यांना सवयीचा असलेला माणूस तारकर्लीची वाळू पहिल्यांदा पाहतो तेव्हा चकित होतो. अलिबागची वाळू काळसर, इथली पिठूळ पांढरी. समुद्र तोच, मग वाळू वेगळी का?

वाळू म्हणजे मागच्या डोंगरांचा चुरा. उत्तर कोकणाच्या पाठीशी जो सह्याद्री आहे तो काळ्या बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात गारगोटी फारशी नसते. बेसाल्ट कुजला की त्याची माती होते आणि उरतात ते काळे, जड कण. दक्षिणेकडे मालवणच्या आसपास या लाव्ह्याची चादर संपते आणि तिच्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. त्यांत गारगोटीचं प्रमाण भरपूर असतं. गारगोटी फार चिवट. ऊन, पाऊस, आम्ल कशाने ती सहसा विरघळत नाही. बाकीचा खडक झिजून, विरघळून वाहून जातो आणि गारगोटीचे कण मागे राहतात. लाटा ते वर्षानुवर्षं घोळवतात, बारीक माती धुऊन समुद्रात नेतात आणि पांढरी वाळू किनाऱ्यावर टाकतात. त्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतो. मूठभर वाळू तळहातावर घेऊन उन्हात धरा: काचेसारखे चमकणारे दाणे गारगोटीचे, दुधी चपटे तुकडे शिंपल्यांचे, आणि मधूनमधून काळा ठिपका दिसला तर तो लोहयुक्त खनिजाचा.

नदी समुद्राला समांतर का वाहते

देवबागला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला खाडी आणि उजव्या हाताला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. कर्ली नदी समुद्राच्या अगदी जवळ येते, पण सरळ त्यात शिरत नाही. ती दक्षिणेला वळते, किनाऱ्याला समांतर चालत राहते आणि भोगव्यासमोर मुखाशी पोचते. मालवणच्या उत्तरेला तोंडवळी-तळाशीलला हुबेहूब असंच आहे. तिथे गड नदीच्या खाडीने तोच वळसा घेतलाय आणि तिचं मुख सर्जेकोटाजवळ आहे.

लाटा किनाऱ्यावर क्वचितच सरळ येतात. तिरप्या येतात. तिरपी लाट वाळू तिरपी वर ढकलते, पण परत जाणारं पाणी उताराने सरळ खाली येतं. प्रत्येक लाटेमागे वाळूचा कण किनाऱ्याच्या कडेने जरासा पुढे सरकतो. दिवसाला हजारो लाटा धरा, मग लक्षात येईल की वाळूची एक नदीच किनाऱ्याला लागून वाहत असते. खाडीच्या तोंडाशी पाणी खोल आणि प्रवाह वेगळा, तिथे ही वाळू टेकते आणि जिभेसारखी पट्टी पुढे वाढत जाते. नदीला तिच्या टोकाला वळसा घालून बाहेर पडावं लागतं.

अशी जमीन कायमची नसते. एका मोसमात वाढते, एका मोसमात कापली जाते. देवबागचे लोक दर पावसाळ्यात लाटांचा मार सोसतात तो यामुळेच. खाडीच्या मुखातलं ज्याला पर्यटक ‘त्सुनामी बेट’ म्हणतात तेसुद्धा नदी आणि लाटा यांच्या ओढाताणीत साचलेला वाळूचा दांडा आहे. नकाशात पक्का आकार काढून ठेवावा असं ते ठिकाण नाही.

जुलैत पुळण जाते कुठे

पावसाळ्यात पुळण नाहीशी होते, तरी वाळू फार लांब जात नाही. पावसाळी लाटा उंच असतात आणि एकामागून एक पटापट येतात. आधीच्या लाटेचं पाणी मुरायच्या आत पुढची लाट आदळते, त्यामुळे परतीचा ओढा जोरदार होतो आणि वाळू खाली खेचली जाते. ती थोड्या अंतरावर पाण्याखाली लांबट दांड्याच्या रूपात साचते. हा दांडाच मग पुढच्या मोठ्या लाटांना किनाऱ्याआधी फोडतो, म्हणजे किनारा स्वतःच्या वाळूनेच स्वतःचं रक्षण करतो. ऑक्टोबरनंतर लाटा लहान, संथ होतात. त्या वाळू थोडी थोडी वर आणून टाकतात आणि पाणी जागेवर मुरतं, म्हणून वाळू तिथेच राहते. डिसेंबरपर्यंत पुळण भरून येते.

म्हणूनच पुळणीवर पक्की भिंत किंवा बांधकाम आलं की तिथल्या वाळूचं येणं-जाणं मोडतं. भिंतीवर आदळून परतलेली लाट पायथ्याची वाळू खणून नेते आणि ती परत यायला उतारच उरत नाही. काही वाड्यांना घरं वाचवायला दगडी बंधारा घालण्यावाचून पर्याय नव्हता, हे मान्य. पण हौसेची हॉटेलं पुळणीच्या काठावर टेकवणं हा या किनाऱ्याचा घात आहे, आणि पर्यटक म्हणून आपण मागे सरकून राहिलो तर ते थांबू शकतं. धामापूर, नेरूरपार, काळसे या बाजूच्या गावांत घरगुती मुक्काम केला तर समुद्र वाहनाने थोड्याच अंतरावर आहे.

गढूळ समुद्र, भरलेलं जाळं

आता मासळीकडे येऊ. ग्रीसच्या किनाऱ्याची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिलीत: निळंशार, तळ दिसणारं पाणी. तिथे उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीतभर-हातभर. ते पाणी इतकं पारदर्शक आहे कारण त्यात जीवसृष्टी विरळ आहे. पूर्व भूमध्य समुद्र हा जगातल्या सगळ्यात कमी खतं असलेल्या समुद्रांपैकी एक. मालवणचं पाणी वर्षातले बरेच महिने हिरवट-मातकट असतं, ते घाणीमुळे नव्हे. गाळाबरोबरच त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती कोट्यवधींनी तरंगत असतात. त्यांना प्लवक म्हणतात, आणि समुद्रातली सगळी खाणावळ त्यांच्यावर चालते.

प्लवकांना दोन गोष्टी लागतात: ऊन आणि खतं. ऊन समुद्राच्या वरच्या थरात असतं. खतं मात्र खाली. मेलेले जीव, विष्ठा, गाळ हे सगळं तळाकडे जातं आणि तिथेच कुजतं. पेजेचा टोप न हलवता ठेवला तर शितं तळाला बसतात आणि वर नुसतं निवळ राहतं, तसा हा समुद्र. डाव घालून ढवळल्याशिवाय शितं वाटीत येत नाहीत. समुद्रात तो डाव पावसाळी वारा घालतो.

आपल्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात वाऱ्याचा जोर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकणारा असतो. पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ न जाता उजवीकडे झुकतं. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा, तुमचा उजवा हात पश्चिमेला, म्हणजे खोल समुद्राकडे जाईल. वरचं पाणी असं किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याची जागा भरायला खालचं थंड, खतांनी भरलेलं पाणी वर येतं. केरळच्या किनाऱ्यावर हे सगळ्यात जोरात होतं, उत्तरेकडे येताना मंदावतं. पण इथे नद्यांनी आणलेली खतं आणि लाटांनी ढवळलेला उथळ तळ यांची भर पडते. प्लवक फुलतात. ते खाऊन बांगडे, तारल्या, पेडवे पोसतात, आणि त्यांना खाऊन सुरमईसारखे मोठे मासे.

आणखी एक गोष्ट याच काळात घडते. अनेक जातींची अंडी घालण्याची वेळ पावसाळ्याच्या आगेमागे येते, म्हणजे पिल्लं जन्मतात तेव्हा खाणं तयार असतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते ती या हिशोबाने. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पाण्यात घालण्याची रीत सरकारी बंदीच्या कितीतरी आधीची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात बांगडा चरबीने भरलेला आणि स्वस्त मिळतो. त्याची चव त्या दिवसांत जी असते ती पुन्हा वर्षभर मिळत नाही.

---
चौकट: कधी जावं, काय मिळेल

*जून ते ऑगस्ट:* पोहणं नाही, पाण्यातले खेळ बंद. धामापूरचं तळं भरलेलं, सडे हिरवे. ताटात खाडीची मासळी, सुकी मासळी, फणसाच्या आठळ्या, रानभाज्या.

*सप्टेंबर-ऑक्टोबर:* पाणी अजून गढूळ, पण बांगडे आणि तारल्या ऐन भरात. निव्वळ खाण्यासाठी यायचं तर हेच दिवस.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी:* पाणी निवळ, पुळण रुंद. पाण्याखालचं जग पाहायला हीच वेळ. गर्दी नाताळच्या आठवड्यात.

*मार्च ते मे:* ओल्या काजूची उसळ, मग आंबा, फणस, रातांबे. उकाडा असतो. मे अखेरीस समुद्राचा रंग बदलू लागतो, तेव्हा पोहायला उतरू नये.

---

तिथी पाहून समुद्रात उतरा

हिवाळ्यात पाणी निवळतं कारण नद्यांचा गाळ थांबतो, लाटा बसतात आणि प्लवकांचा बहर ओसरतो. पण त्या दिवसांतही एका दिवशी तळ स्वच्छ दिसतो, आठवड्याने धूसर. हा खेळ चंद्राचा.

अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, भरती मोठी आणि सुकती, म्हणजे ओहोटीही मोठी. कोळी याला उधाण म्हणतात. मालवणला तेव्हा पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एकमेकांना छेद देते आणि चढउतार लहान होतो. हा भांग. उधाणात तेवढ्याच वेळात जास्त पाणी आत-बाहेर जातं, प्रवाह जोराचे होतात, वाळू उडते. भांगात पाणी मंद. म्हणून पाण्याखाली पाहायचं असेल तर सप्तमी ते दशमीचे दिवस निवडा, आणि सकाळी जा. दुपारनंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा सुटतो. पृष्ठभाग खडबडीत झाला की खालचं दिसत नाही.

उलट मालवणच्या किनाऱ्यावरच्या रॉक गार्डनच्या खडकांत अडकलेल्या डबक्यांतले खेकडे, शेवाळं, प्रवाळ पाहायचे असतील तर उधाणाची सुकती गाठा. प्रवाळावर पाय देऊ नका, तो दगड दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. इथल्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, ते याच संपत्तीसाठी.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचं गणित सोपं: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, त्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती. चंद्र रोज थोडा पुढे सरकलेला असल्याने भरती दुसऱ्या दिवशी जवळपास पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यातून ही पाऊणपट आली. मुंबईला हे गणित नीट बसतं. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला तासभर आधीची वेळ धरावी.

हे गणित जिवाशीही गाठ असलेलं आहे. भरती पूर्ण झाल्यावर तीनेक तासांनी खाडीच्या मुखातून पाणी बाहेर धावतं तेव्हा ओढ सगळ्यात जास्त असते. देवबागच्या संगमावर पाणी घोट्याएवढं दिसत असलं तरी त्या वेळी मुलांना सोडू नये. उघड्या पुळणीवर जिथे दोन बाजूंना लाटा फुटतायत आणि मधली पट्टी शांत दिसते, ती पट्टी पोहायला सोयीची वाटते. तीच फसवी. लाटांनी वर आणलेलं पाणी तिथून परत जात असतं. कोणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावं आणि मग लाटांबरोबर आत यावं.

खाऱ्याच्या वर गोडं

सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सुरू केलं. चारी बाजूंनी समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. याला चमत्कार म्हणून सोडून देऊ नये, कारण त्यामागचं शास्त्रही तितकंच सुंदर आहे.

बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो. खालून समुद्राचं पाणी त्याच भेगांत शिरलेलं असतं. गोडं पाणी खाऱ्याहून हलकं, एक हजार ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅमने. तेवढ्या फरकाने ते वर तरंगतं आणि जमिनीखालच्या भेगांत दोघं लवकर मिसळत नाहीत. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल तर हिशोबाने खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असायला हवं. छोट्या बेटावर साठा अर्थातच याहून कमी. मात्र उपसा बेताने करावा लागतो. वरची पातळी एक हात घटली की खालून खारं पाणी कित्येक हात वर सरकतं. देवबाग-तारकर्लीच्या वाळूच्या पट्टीखालीही असाच साठा आहे, आणि प्रत्येक हॉटेलाने स्वतःची बोअर मारून मोटर चालू ठेवली तर शेजारच्या घरातली विहीर मचूळ होते.

आमसूल, तिरफळ आणि बांगडा

धामापूरच्या बाजूला मे महिन्यात अंगणात पाहिलं तर सुपा-चटयांवर रातांब्याच्या साली वाळत असतात. फळ फोडून गर-बिया वेगळ्या काढतात, मीठ घालून रस ठेवतात, सालं त्या रसात बुडवून उन्हात टाकतात. वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. याला पुटं देणं म्हणतात. जितकी पुटं तितकं आमसूल काळं, मऊ आणि आंबट. हे सगळं मिरगाच्या पहिल्या सरीआधी उरकायचं असतं. त्याच दिवसांत किनाऱ्यावर बांगडे, सुंगटं सुकत असतात. पावसाळ्याच्या या बेगमीला आगोट म्हणतात, आणि आगोटीचा डबा नीट भरलेला नसेल तर जुलैत घरच्या बाईची तारांबळ होते.

माशाच्या कालवणात आमसूल नुसतं आंबटपणासाठी नसतं. समुद्रातल्या माशाला खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकवून धरायचं असतं. त्यासाठी त्याच्या मांसात एक नत्रयुक्त पदार्थ साठलेला असतो. त्याला स्वतःचा वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथिलअमाईन नावाच्या उडून जाणाऱ्या पदार्थात करतात, आणि आपण ज्याला माशाचा हिवस वास म्हणतो तो हाच. हा पदार्थ क्षारधर्मी आहे. आम्लाशी गाठ पडली की त्याचं मीठ बनतं, मीठ उडत नाही, म्हणून वास नाकापर्यंत पोचत नाही. ग्रीसमध्ये भाजलेल्या माशावर लिंबू पिळतात, बंगालच्या उपसागराकडे चिंच घालतात, आपण आमसूल टाकतो. तळ्यातल्या-नदीतल्या माशांत हा पदार्थ फारसा नसतो, त्यामुळे त्यांना इतक्या आंबटाची गरज पडत नाही. मोरीत, म्हणजे शार्कमध्ये, तो भरपूर असतो आणि वर युरियाही, म्हणूनच तिला मटणासारखा तिखट मसाला लागतो. मोरी मात्र हल्ली मागवू नये असं माझं मत आहे. ती उशिरा वयात येते, थोडी पिल्लं देते, आणि एकदा कमी झाली की भरून यायला फार काळ लागतो.

तिरफळाचं काम वेगळं. ते आम्ल नव्हे, वास बांधतही नाही. तिरफळाच्या सालीतला एक पदार्थ जिभेवरच्या स्पर्श जाणणाऱ्या नसांना चेतवतो, म्हणून मुंग्या आल्यासारखं, बधिर झाल्यासारखं वाटतं. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी याच कुळातली. बांगडा, तारली हे तेलकट मासे. त्यांचं तेल जिभेवर बसतं आणि दोन घासांनंतर जड वाटू लागतं. तिरफळाची ती थरथर प्रत्येक घास नवा करते. सुरमई किंवा मुडदुशीत तिरफळ घातलं तर त्यांची नाजूक चव मरते, म्हणून जाणती बाई तिथे ते घालत नाही. तिखल्यात घालताना काळी बी काढून टाकतात, साल हलकी ठेचून कालवणात सोडतात. मिक्सरमधून वाटली तर कडवट होते.

शेवटी सोलकढी. मिरचीचा झोंबरा भाग पाण्यात फारसा विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. तिखट लागल्यावर पाणी प्यायलं तर आग जिभेवर पसरते, नारळाचा दाट रस प्यायला तर तो ती धुऊन नेतो. सोलकढी उकळत नाहीत. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की नारळाचा रस फाटतो.

काय मागवावं

मालवणच्या बाजारात रोज ऐकू येणारा संवाद. गाडीतून उतरलेली बाई विचारते, “मावशी, सुरमई आहे का?” आणि टोपलीमागून उत्तर येतं, “आज सुरमय नाय गो बाय. बांगडे घे, ताजे फडफडीत आसत.” बहुतेक पाहुणे पुढे जातात. तिथे थांबून बांगडे घ्यावेत. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले उचलल्यावर लालभडक, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा, एवढं पाहिलं की पुरे.

बांगडे आणि तारल्या प्लवकांवर थेट जगतात, भराभर वाढतात, लवकर वयात येतात. एक किलो सुरमई तयार व्हायला समुद्राचे कित्येक किलो छोटे मासे खर्ची पडतात. शिवाय छोटी मासळी अनेकदा रापणीची असते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. एक होडी ते अर्धवर्तुळात सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर आणतात आणि बायका-पुरुष मिळून तासन्‌तास ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा. किनाऱ्याजवळ मासा आलाच नाही तर वाटा नाही. खोल पाण्यात पर्ससीन जाळ्याने अख्खा थवा एका वेढ्यात उचलला की रापणकराच्या वाट्याला रिकामं जाळं येतं. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले ते या तक्रारींमुळेच. नियम पाळून घेणं हे सरकारचं काम, पण ताटात काय मागायचं हे आपल्या हातात आहे. खाणावळीत शिरल्यावर कार्डावर बोट ठेवण्याआधी “आज काय आलंय?” एवढं विचारावं.

परत जाताना आमसूल घ्या, आगळ घ्या. आगळ म्हणजे रातांब्याचा मिठातला रस, सोलकढीला तो लागतो. साखरेच्या पाकातलं कोकम सरबत वेगळं, त्याची सोलकढी होत नाही आणि दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी असतात. आमसूल विकत घेताना दोन बोटांत दाबून पाहा: कडक आणि फिकट असेल तर पुटं कमी दिलीत, काळपट आणि चिकट असेल तर बिनधास्त घ्या. तिरफळं बी काढलेली मागा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, पुढच्या वर्षीच्या बांगड्यापर्यंत टिकतात.